हाड जुळेल, पण बोट का हलत नाही? जखमी मुलांच्या मज्जातंतूंसाठी कोणती तपासणी, कधी आणि कशी

मूल पडतं, कोपराजवळ हाड मोडतं, एक्स-रे होतो, प्लास्टर चढतं. दुसऱ्या दिवशी आईच्या लक्षात येतं, की पोराला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करता येत नाहीये. मग पहिला प्रश्न ठरलेला: "एमआरआय करायचा का?" त्या दिवशी बहुतेक वेळा याचं उत्तर "नको" असतं. क्वचित मात्र "एमआरआयसाठी थांबलात तर हात गमवाल, आधी ऑपरेशन" असं असतं. आपलं मूल यातल्या कोणत्या गटात बसतं, हे कसं ठरवायचं आणि तपासण्या कोणत्या क्रमाने लावायच्या, ते इथे सविस्तर लिहितो. पालकांना उपयोगी पडेल, पण डोळ्यासमोर आहेत ते फॅमिली डॉक्टर आणि अस्थिरोग विभागात नव्याने रुजू झालेले तरुण डॉक्टर.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. ‘नस’ हा शब्द आपण कशालाही लावतो. नस चढली म्हणजे स्नायूत गोळा आला, नस कापली म्हणजे रक्तवाहिनी, नस दबली म्हणजे मज्जातंतू, आणि मनगटावर काच लागून बोट वाकेनासं झालं की कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेली असते, तिलाही नसच म्हणतात. कागदावर ‘नस तुटली आहे का?’ एवढंच लिहून सोनोग्राफीला पाठवलं, तर तपासणाऱ्याने शोधायचं तरी काय? या लेखात नर्व्ह म्हणजे मज्जातंतू, दुसरं काही नाही.

मशीनआधी बोटं बघा

नर्व्हला इजा झाली आहे का, हे स्कॅन ठरवत नाही, तपासणी ठरवते. इजा कुठे आहे आणि नर्व्ह अखंड आहे का, एवढंच स्कॅन सांगतो. त्यामुळे तपासणी न करता काढलेला स्कॅन म्हणजे प्रश्न न वाचता लिहिलेला पेपर.

हातात मुख्य नर्व्ह तीन: मीडियन, रेडियल आणि अल्नर. चार-पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी दगड-कागद-कात्रीचा खेळ पुरतो. दगड, म्हणजे घट्ट मूठ, ही मीडियन नर्व्हची परीक्षा. कागद, म्हणजे बोटं आणि मनगट सरळ ताठ, ही रेडियलची. कात्री, म्हणजे बोटं फाकवणं आणि मिटवणं, ही अल्नरची. शेवटी अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल ‘ओके’ करायला सांगा. ती अँटिरियर इंटरॉसियस नर्व्हची, म्हणजे मीडियनच्या एका फांदीची परीक्षा, आणि मुलांमध्ये सगळ्यात जास्त हीच चुकते. दंडाच्या खालच्या टोकाचं हाड मागे सरकून मोडलं, की सर्वात जास्त वेळा इजा होते ती याच नर्व्हला. ती त्वचेला संवेदना पुरवत नाही, त्यामुळे मूल सुन्नपणाची तक्रार करत नाही. बोटं गुलाबी, स्पर्श कळतोय, सगळं ठीक असं लिहून फाइल बंद होते. म्हणून ‘हात हलतो’ असं मोघम न लिहिता चारही खुणांची नोंद वेगवेगळी करा, आणि ती हाड बसवण्याआधी एकदा, बसवल्यावर पुन्हा एकदा. आधी चालणारी नर्व्ह नंतर बंद पडली, तर ती हाडांच्या फटीत अडकली असण्याची किंवा हाड धरून ठेवायला घातलेल्या वायरने दुखावली असण्याची शंका घ्यावी लागते. आधीची नोंदच नसेल, तर हा प्रश्न पुढे कोणत्याही मशीनने सुटत नाही.

पायाचं थोडक्यात: पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना लटकत असेल, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पेरोनियल नर्व्ह तपासा. प्लास्टरची घट्ट कडाही तिथे दाब देऊ शकते.

दोन वर्षांचं मूल कुठला खेळ खेळणार? त्याच्यासमोर खेळणं धरा आणि कोणती बोटं पुढे येत नाहीत ते बघा. बोट चाचपून बघा. ज्या बोटाची नर्व्ह तुटली आहे, त्याला घाम येत नाही. गुळगुळीत प्लास्टिकचं पेन त्यावरून अडखळल्याशिवाय सरकतं. जखम आणि प्लास्टर नसेल, तर हात साधारण ४० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. चालू नर्व्हच्या बोटाची कातडी सुरकुतते, बंद नर्व्हची गुळगुळीत राहते. पाणी किती गरम आहे ते मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने बघायचं, कारण सुन्न बोट भाजलं तरी मूल रडणार नाही.

कधी स्कॅनसाठी थांबायचंच नाही

काच किंवा सुरीने कापलेली जखम आहे आणि त्याखालचं बोट सुन्न किंवा लुळं आहे, तर नर्व्ह कापली आहे असंच धरायचं आणि जखम ऑपरेशन थिएटरमध्ये उघडून बघायची. इथे सोनोग्राफीत ‘नर्व्ह अखंड वाटते’ असं आलं तरी माझा सल्ला बदलत नाही. साधा एक्स-रे मात्र काढा, कारण काचेचे तुकडे त्यात बहुधा दिसतात. लाकडाची ढलपी दिसत नाही, तिच्यासाठी सोनोग्राफी.

दुसरी आणीबाणी म्हणजे प्लास्टरमध्ये किंवा सुजलेल्या हातात वाढत जाणारा दाब. मोठा माणूस ‘ठणकतंय’ असं सांगतो, मूल सांगत नाही. ते अस्वस्थ होतं, चिडतं, घाबरतं, आणि दुखण्याच्या औषधाचा डोस पुन्हा पुन्हा वाढवावा लागतो. या खुणा दिसल्या, की प्लास्टर पूर्ण फोडायचं आणि सर्जनला बोलवायचं. हात पांढरा पडला, नाडी लागत नाही, तेव्हाही तसंच. अशा वेळी एमआरआयच्या रांगेत घालवलेला प्रत्येक तास स्नायूच्या मुळावर येतो.

इजा किती खोल, आणि थांबायचं का

ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये नर्व्हच्या इजेचे तीन प्रकार मांडले, ते आजही रोजच्या बोलण्यात आहेत. पहिल्यात नर्व्ह फक्त बधिर होते, आतले तंतू शाबूत असतात. काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत, ती आपणहून सुरू होते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण बाहेरची नळी टिकते. तंतू इजेच्या जागेपासून पुन्हा वाढत जातात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तिसऱ्यात नर्व्ह पूर्ण तुटते आणि शिवल्याशिवाय जुळत नाही. सिडनी संडरलँड यांनी १९५१ मध्ये याच्या पाच पायऱ्या केल्या. सर्जनला त्या उपयोगी आहेत, आपल्याला तीन पुरेत.

आता हिशेब करून बघा. इजा जिथे आहे तिथून स्नायू ६ सेंटिमीटरवर असेल, तर तंतूंना तिथवर पोचायला ६० दिवस. सुरुवात करायलाच काही आठवडे जातात, म्हणजे तीन महिने. मुलांच्या बंद फ्रॅक्चरमधल्या बहुतेक इजा पहिल्या दोन प्रकारांतल्या असतात. सर्जन ‘तीन महिने बघू’ म्हणतात त्यामागे हा हिशेब असतो, चालढकल नव्हे. पण नुसतं हातावर हात ठेवून थांबायचं नाही. स्नायूला दीड वर्षापर्यंत नर्व्ह मिळाली नाही, तर तो कायमचा जातो. म्हणून तिसऱ्या प्रकारची इजा लवकर हुडकून काढणं, हेच तपासण्यांचं खरं काम.

साधा एक्स-रे नर्व्हच्या नजरेने

एक्स-रेमध्ये नर्व्ह दिसत नाही, पण तिची वाट कोणी अडवली ते दिसतं. दंडाच्या खालच्या फ्रॅक्चरमध्ये सुटलेला तुकडा मागे आणि बाहेरच्या बाजूला गेला असेल, तर वरच्या हाडाचं टोक पुढे-आत घुसतं आणि मीडियन नर्व्ह व मुख्य रक्तवाहिनी धोक्यात येते. तुकडा मागे आणि आतल्या बाजूला गेला असेल, तर रेडियल नर्व्ह. कोपराखालच्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं अल्ना मोडलंय आणि अंगठ्याच्या बाजूच्या रेडियसचं डोकं कोपरात जागेवर नाही, तर पोस्टिरियर इंटरॉसियस नर्व्ह (रेडियलची फांदी) तपासा, बोटं सरळ होतात का बघा.

एक जागा अशी आहे, जिथे अनुभवी माणूसही फसतो. मुलांच्या कोपरात हाडाची केंद्रं, म्हणजे कूर्चेत नव्याने तयार होणारे आणि एक्स-रेत दिसू लागणारे हाडाचे ठिपके, ठरावीक क्रमाने उगवतात, आणि आतल्या बाजूचा उंचवटा, मीडियल एपिकाँडाइल, हे ट्रॉक्लियाच्या (दंडाच्या हाडाचा सांध्यात बसणारा भाग) आधी दिसायला लागतं. एक्स-रेमध्ये ट्रॉक्लिया दिसतोय आणि एपिकाँडाइल त्याच्या जागी नाही, तर ते ‘अजून आलेलं नाही’ असं कधीच समजू नका. ते सुटून सांध्याच्या आत अडकलंय, आणि शेजारून जाणारी अल्नर नर्व्ह ताणली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. कोपर निखळून परत बसवल्यावर दोन्ही कोपरांचा एक्स-रे शेजारी ठेवून बघायची सवय लावून घ्या.

सोनोग्राफी: मुलांच्या हातापायांसाठी माझी पहिली पसंती

मुलांच्या नर्व्ह कातडीच्या अगदी जवळ असतात, चरबीचा थर पातळ असतो. म्हणून मोठ्यांमध्ये जे एमआरआयवरही जेमतेम दिसतं, ते मुलांमध्ये सोनोग्राफीवर लख्ख दिसतं. भूल नको, किरण नाहीत, मूल आईच्या मांडीवर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हात हलवत बघता येतं.

प्रोब, म्हणजे कातडीवर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा, उच्च फ्रिक्वेन्सीचा हवा, १५ मेगाहर्ट्झच्या पुढचा, आणि शक्यतो हॉकी स्टिकच्या आकाराचा छोटा. जेल कोमट करून घ्या. थंड जेल लावलं की पुढची दहा मिनिटं रडण्यात जातात. आधी मुलाच्या न दुखणाऱ्या हातावर प्रोब फिरवा. त्याने भीती जाते आणि तुलनेसाठी चित्रंही मिळतात.

इजेच्या जागी थेट जाऊ नका. तिथे सूज, रक्त, हाडाचे तुकडे, काहीच ओळखू येत नाही. मनगटाजवळ किंवा काखेजवळ, जिथे सगळं जागच्या जागी आहे, तिथे नर्व्ह आडव्या छेदात पकडा. ती मधाच्या पोळ्यासारखी दिसते, काळे गोल ठिपके आणि भोवती पांढरी जाळी. कंडरा तिच्यासारखीच भासते, पण प्रोब किंचित कलता केला की कंडरा पटकन काळी पडते, नर्व्ह तितकी पडत नाही. बोट हलवलं की कंडरा सरकते, नर्व्ह जवळपास जागीच राहते. मग लिफ्टसारखं त्याच छेदात खाली-वर जात इजेपर्यंत या, आणि दुसऱ्या बाजूनेही तसंच. दोन्हीकडून आल्याशिवाय ‘तुटली आहे’ असं म्हणू नका. शेवटी उभा छेद.

बघायचं ते असं. नर्व्ह सलग आहे का, की मध्येच संपून पुढे कांद्यासारखी गाठ झाली आहे? तुटली असेल तर दोन टोकांत किती अंतर? सलग असेल पण पोळ्याची नक्षी पुसून काळी, फुगलेली झाली असेल, तर किती लांबीवर? नवीन हाडाच्या गाठीत, वायरच्या किंवा स्क्रूच्या जागी ती जखडली आहे का? कोपर वाकवलं की ती हाडाच्या फटीत जाते का? प्रत्येक उत्तर हाडाच्या एखाद्या टोकापासून सेंटिमीटरमध्ये मोजून लिहा, म्हणजे सर्जनला चीर कुठे द्यायची ते कळेल.

तिच्या मर्यादाही सांगतो. प्लास्टरमधून काही दिसत नाही. हाडामागचं, मानेत मज्जारज्जूतून निघणाऱ्या नर्व्हच्या मुळांजवळचं आणि ओटीपोटातलं नीट दिसत नाही. पहिल्या काही दिवसांत बधिर झालेली नर्व्ह आणि आतून तुटलेली नर्व्ह दोन्ही सारख्याच सुजलेल्या दिसतात. आणि सगळं काही प्रोब धरणाऱ्या हातावर अवलंबून आहे. नर्व्ह रोज बघणाऱ्याकडे पाठवता येत असेल, तर थोडं लांब जावं लागलं तरी तिथेच पाठवा.

एमआरआय कुठे लागतोच

मानेतून हाताकडे जाणारं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, कमरेखालची सायटिक नर्व्ह, आणि सोनोग्राफीने उत्तर न मिळालेली प्रकरणं, ही एमआरआयची कामं. नर्व्हसाठीचा एमआरआय साध्या एमआरआयपेक्षा वेगळा असतो. छेद पातळ, चरबीचा उजेड दाबलेला, आणि नर्व्हच्या वाटेने फिरवता येईल असं त्रिमितीय चित्र. ‘एमआरआय एल्बो’ एवढं लिहून पाठवलं तर सांध्याचा एमआरआय मिळेल, नर्व्हचा नाही.

मला त्यातलं सर्वात उपयोगी वाटतं ते नर्व्हचं चित्र नव्हे, स्नायूंचं. तंतू तुटले की त्यांचे स्नायू पहिल्या काही दिवसांतच पाणी धरू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत ते स्पष्ट चमकतात. नुसत्या बधिर झालेल्या नर्व्हचे स्नायू चमकत नाहीत. अंगठा वाकवणारा लांब स्नायू, तर्जनीचा खोल स्नायू आणि मनगटाजवळचा चौकोनी स्नायू असे तीनच चमकत असतील, तर अँटिरियर इंटरॉसियस नर्व्हचं नाव स्नायूंनीच सांगितलं. पुढे अनेक महिन्यांनी चमक जाऊन चरबी दिसू लागली, तर वेळ हातातून चालली आहे असं समजा.

फसवणाऱ्या दोन गोष्टी. मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांत जाणारी नर्व्ह निरोगी असूनही उजळ दिसते. त्यामुळे फक्त उजळपणावर विसंबू नका, आकार आणि नक्षीही बघा. आणि धातू. वायर-प्लेट असेल, तर ३ टेस्लापेक्षा १.५ टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) मशीनवर चित्र कमी विस्कटतं. बाहेर लोंबणाऱ्या वायर काढण्याची तारीख जवळ असेल, तर नंतरच करा.

जन्मताना खांदा अडकून हात लुळा पडलेल्या बाळात प्रश्न वेगळा असतो: मुळं मज्जारज्जूपासून उपटली गेली आहेत का? उपटलेल्या मुळाच्या जागी पाण्याची पिशवी दिसते. पण पिशवी आहे म्हणून मूळ गेलंच असं नाही, आणि पिशवी नाही म्हणून ते आहेच असंही नाही. प्रत्येक मूळ मोजावं लागतं. पापणी खाली आणि बाहुली लहान असेल, तर खालची मुळं उपटल्याची शंका बळावते. तीन महिन्यांच्या आसपास कोपर वाकवता येतं का, यावर सर्जनचा पुढचा निर्णय बराचसा ठरतो, म्हणून स्कॅन त्या सुमारास लावला तर कामी येतो. श्वास घेताना पोटाची एकच बाजू हलत असेल, तर श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याची सोनोग्राफी आधी.

सीटी स्कॅन हाडासाठी ठीक. नर्व्हसाठी, कमरेतून औषध घालून केलेला सीटी काही ठिकाणी मुळं बघायला अजून करतात, पण सुई, किरण आणि भूल तिन्ही आलं. चांगला एमआरआय मिळत असेल तर मी त्याच्या वाटेला जात नाही.

भूल देण्याआधी

एमआरआयला अर्धा तास ते तासभर निश्चल राहावं लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दूध पाजून, घट्ट गुंडाळून, झोपलं की आत सरकवता येतं. शाळेच्या वयाच्या मुलाला आदल्या दिवशी मशीनचा आवाज मोबाइलवर ऐकवा, खोलीत नेऊन दाखवा. बरीच मुलं भुलेविना पार पडतात. मधल्या वयाला भूल लागतेच. उपाशी ठेवण्याचा जुना हिशेब २-४-६ असा: पाणी २ तास, आईचं दूध ४ तास, बाकी दूध आणि अन्न ६ तास. आता काही ठिकाणी पाणी १ तास आधीपर्यंत देतात, तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ च्या डिसेंबरात तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा लांब भूल देण्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. एकदा दिलेल्या छोट्या भुलेला घाबरायचं कारण नाही. पण भूल देणारच असाल, तर दुसरी कोणती तपासणी त्याच वेळी उरकता येईल ते आधी ठरवा.

मान आणि पाठ

पडल्यावर किंवा गाडीच्या धडकेत मूल म्हणालं, "हातापायाला मुंग्या आल्या होत्या, आता गेल्या," तर एक्स-रे आणि सीटी स्वच्छ असूनही सोडून देऊ नका. लहान मुलांचा कणा लवचिक असतो. तो ताणतो आणि परत जागेवर येतो, आतला मज्जारज्जू मात्र तितका ताणत नाही. पँग आणि विल्बर्गर यांनी १९८२ मध्ये या प्रकाराला नाव दिलं: एक्स-रेत काहीही न दिसता झालेली मज्जारज्जूची इजा. काही मुलांत अशक्तपणा काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी येतो. मान पट्ट्यात ठेवा आणि एमआरआय त्याच दिवशी करा. मज्जारज्जूत रक्त दिसलं तर सुधारणेची आशा कमी, चित्र पूर्ण स्वच्छ असेल तर आशा चांगली. उलटी चूकही होते. लहान मुलांत मानेचा दुसरा मणका तिसऱ्यावर किंचित पुढे सरकलेला दिसणं हे अनेकदा त्या वयाला साहजिक असतं.

कॅलेंडर आणि कागद

बंद फ्रॅक्चर, एक नर्व्ह बंद, हात गुलाबी, असं साधं प्रकरण धरा. पहिल्या दिवशी तपासणी आणि एक्स-रे. प्लास्टर निघालं की, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, पुन्हा तपासणी आणि सोनोग्राफी. हाड बसवल्यावर नर्व्ह नव्याने बंद पडली असेल, तर सोनोग्राफी त्याच आठवड्यात, प्लास्टरला खिडकी करून. नर्व्हची विद्युत तपासणी पहिल्या आठवड्यात करू नका. तुटलेल्या नर्व्हचा पलीकडचा तुकडाही काही दिवस करंट वाहून नेतो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. तीन आठवड्यांनंतर ती खरं बोलते, पण मुलांना सुया आवडत नाहीत, म्हणून सुधारणा दिसत असेल तर मी ती सुचवत नाही. तीन महिन्यांत काहीच हालचाल नाही, तर सोनोग्राफी पुन्हा, गरज पडल्यास एमआरआय, आणि नर्व्हच्या सर्जनची भेट याच महिन्यात.

तपासणीच्या कागदावर काय लिहावं, त्याचा नमुना देतो:

"वय ६ वर्षं, उजवा हात. ८ आठवड्यांपूर्वी पडून दंडाच्या खालच्या टोकाचं फ्रॅक्चर. त्याच दिवशी आतून एक आणि बाहेरून एक वायर घालून बसवलं, वायर चौथ्या आठवड्यात काढल्या. ऑपरेशनआधी चारही खुणा ठीक. नंतर बोटं फाकवता येत नाहीत, करंगळी सुन्न. प्रश्न: अल्नर नर्व्ह कोपरामागे अखंड आहे का? आतल्या वायरच्या जागी जखडली किंवा टोचली गेली आहे का? कोपर वाकवून बघावं."

असा कागद आला, की तपासणारा पहिल्या मिनिटात योग्य जागी पोचतो. आणि रिपोर्ट हातात आल्यावर यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे का ते ताडून बघा. ‘नर्व्ह सुजलेली आहे, क्लिनिकल तपासणीशी पडताळून पाहावे’ एवढंच असेल, तर फोन उचला आणि विचारा: सलग आहे की नाही? किती लांबीवर? दुसऱ्या बाजूशी तुलना केली का? पालकांनी यात एक काम करावं. दर पंधरा दिवसांनी, त्याच उजेडात, दोन्ही हात शेजारी ठेवून चारही खुणांचा छोटा व्हिडिओ काढावा आणि तारीख बोलून ठेवावी. अंगठ्याचं टोक पहिल्यांदा अर्धा सेंटिमीटर वाकलेलं त्या व्हिडिओत दिसलं, तर ठरवलेला एमआरआय बऱ्याचदा रद्द करता येतो.